फोटो यायला वेळ लागतो

दिवाळी सरली की आमच्याकडच्या बाभळींचे केस पांढरे होतात. कापसानं फुगलेले टेम्पो रस्त्याच्या कडेनं अंग घासत जातात आणि काट्याकाट्यावर एकेक पुंजका ठेवून जातात. माझ्या लहानपणी हे काम बैलगाड्या करायच्या. परवा देऊळगाव राजाहून दुसरबीडच्या एसटीत बसले, खिडकीशी जागा मिळाली, आणि सिंदखेड राजा मागे पडल्यावर ते पुंजके दिसायला लागले. शेजारची पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून होती. तिला म्हटलं, "बघ गं, बाभळी म्हाताऱ्या झाल्या." तिनं बाभळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अदबीनं जरा सरकून बसली.

वेचणीचे दिवस आले की माझ्या नखांच्या कडा ठसठसतात. बोंडांची वाळलेली टोकं तिथंच रुततात. खरं म्हणजे कित्येक वर्षांत मी बोंडाला हात लावलेला नाही, पण नखांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही. आणि दुसरं असं होतं की कापसाच्या त्या पांढऱ्याशेजारी मला एक निळसर उजेडाचा चौकोन दिसतो. जुन्या, मागं पोट सुटलेल्या कॉम्प्युटरचा पडदा. त्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन शब्द, मराठी आणि इंग्रजी, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक उभी रेघ. त्या रेघेवर मी एका बाईला उभं केलं आणि तिथंच ठेवून घरी आले. शहिदाबी तिचं नाव.

तेव्हाच्या मला मी 'मॅडम' म्हणते. गावही तेच म्हणायचं. वय बावन्न, म्हणजे आताच्या हिशेबानं पोरच. हायस्कुलात इंग्रजी शिकवून नुकत्याच घरी बसलेल्या. चष्म्याला साखळी, पर्समध्ये शब्दकोश. गावात इंग्रजी येणारी आपण एकटी, असा मॅडमचा समज होता, आणि तो खोडून काढायला गावात दुसरं कोणी इंग्रजी येणारं नव्हतं. बोलणं शुद्ध. 'काऊन' म्हणायचं नाही, 'का बरं' म्हणायचं. जन्म त्याच मातीतला, पण पुण्याची सून आल्यापासून मॅडमनी जीभसुद्धा इस्त्रीला टाकली होती.

बीटीची पाकिटं गावात येऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी शिवारं अशी फुटली होती की लोकांनी पाकिटावरचं चित्र कापून भिंतीला डकवलं. मग हळूहळू चित्र भिंतीवर राहिलं आणि शिवार वेगळं दिसायला लागलं. मी सांगते आहे त्या वर्षी लाल्या आला. पानं आधी कडेनं, मग सगळीच तांबडी झाली. दुरून पाहिलं तर कोणाला वाटावं काय सुंदर रंग आहे, आणि बाहेरून आलेल्या एकीनं खरंच तसं म्हटलं होतं. गाड्या येत होत्या, वही-पेनवाले, कॅमेरेवाले. मॅडम त्यांना घरोघर न्यायच्या आणि भाषांतर करायच्या. ठरलेली लग्नं पुढं ढकलली जात होती. शाळेत हजेरी घेताना मधले मधले आकडे गप्प राहायचे, कारण ती घरं कुलूप लावून ऊसतोडीला गेलेली असायची. पारावर माणसं बसलेली असायची, पण कोणी कोणाशी बोलत नसे. बायका मात्र बोलत होत्या. बोलता बोलता हातानं काहीतरी करावं म्हणून त्या माझ्या ओसरीवर येऊन वाती वळायच्या. तिथून सगळं सुरू झालं.

आम्ही सात जणी. आणि आठवी शहिदाबी, जिच्यावाचून सातांना काही करता आलं नसतं.

तिच्या सासरी पिढ्यानपिढ्या कापूस पिंजायचा धंदा. नवरा गेल्यावर धनुष्यासारखं ते पिंजण तिनं हातात घेतलं. पिंजणाची तांत, म्हणजे त्या धनुष्याची दोरी, बकऱ्याच्या आतड्याची असते. तिच्यावर लाकडी मुठा आपटला की घुम्म करून आवाज येतो आणि कापसाचा ढग उठतो. आमच्या आजेसासूच्या काळापासून गावातल्या देवघरात जळलेली प्रत्येक वात त्या तांतीवरून आली होती, आणि देवानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय देशी कापूस तिच्याच बांधावर होता. बाकी सगळ्यांचं बीटी, आणि शहिदाबीच्या एकरभर रानाच्या कडेनं देशी पऱ्हाटीची एक ओळ. आखूड धाग्याची, किरकोळ बोंडांची. पुढच्या पेरणीची सरकी ती राखेत घोळून मडक्यात ठेवायची. लोक हसायचे. ती म्हणायची, "बीटीची वात भपकन् जळते न् विझते. देशीची वात म्हाताऱ्या मानसासारखी हाय. हळू हळू तेल पेते, बसून राह्यते."

पहिल्या वेचणीआधी आमच्यात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, आणि पहिली फुटलेली बोंडं वेचून त्या खड्यांवर पांघरूण घालायचं. त्या वर्षीही केलं, शहिदाबीच्याच बांधावर. दही तिच्या म्हशीचं. दरवर्षीच तिचं असायचं, घट्ट असायचं म्हणून. कमलबाई, आमच्यातली सगळ्यात तोंडाळ, खड्यांवर कापूस ठेवता ठेवता म्हणाली, "शहिदाबी, तुह्या म्हशीले सांग, पुढच्या जन्मी आमच्या घरी ये."

"तुह्या घरी? तू चारा कमी टाकतं म्हणून तं ती माह्याकडे आली," शहिदाबी म्हणाली.

उन्हात दह्याचा आंबट वास येत होता. ओढणीच्या टोकानं तिनं घाम टिपला आणि पहिलं बोंड तिनंच खुडून माझ्या हातात दिलं. मॅडमनी ते पर्समध्ये, शब्दकोशाशेजारी ठेवलं.

वेबसाइटची कल्पना सुनेची. मेघना दिवाळीला पुण्याहून आली, वाती पाहिल्या, म्हणाली, "आई, परदेशातल्या आपल्या लोकांना याचं फार असतं हो. साइट करू. दोन भाषांत. कोपऱ्यात बटण दाबलं की भाषा बदलेल." तिनं सगळ्यांचे फोटो काढले. शहिदाबीचा तर इतका सुरेख आला की काय सांगू. पिंजण खांद्याला, कापसाचा ढग उठलेला, आणि त्या ढगातून तिचं हसणं. मजकूर मी लिहायचा असं ठरलं. मेघना पुण्याला गेली आणि मॅडम दोन वह्या घेऊन बसल्या. एक मराठीची, एक इंग्रजीची.

भाषा दोन असाव्यात, त्यात पाप नाही. एका खोलीला दोन खिडक्या असाव्यात, वारं खेळतं. मॅडमनी दोन खिडक्यांना दोन खोल्या बांधल्या.

इंग्रजी वहीत लिहिलं, होरपळलेल्या कापूसपट्ट्यात हिंदू आणि मुसलमान भगिनी एका छताखाली, एकमेकींना सावरत, ही प्राचीन कला जगवत आहेत. छत कसलं, पत्रे होते. पण परदेशी माणसाला ते रुचेल असं मॅडमना वाटलं. वर शहिदाबीचा फोटो, सगळ्यांत मोठा. खाली तिचं नाव.

मराठी वहीत लिहिलं, अत्यंत शुचिर्भूत वातावरणात, सुवासिनींच्या हस्ते, श्रद्धापूर्वक वळलेल्या शुद्ध देशी कापसाच्या वाती. आमच्या सात जणींत दोघी विधवा होत्या, एकीला नवऱ्यानं टाकलेलं होतं. शुचिर्भूत वातावरणात शेजाऱ्यांची शेळी दिवसातून दोनदा येऊन सुपात तोंड घालायची. पण ते सोडा. शहिदाबीचा फोटो त्या पानावर नव्हता. नाव नव्हतं. पिंजणही नव्हतं. तिच्या जागी मेघनाकडून मी एका समईचं चित्र लावून घेतलं.

मेघनानं फोनवर विचारलं होतं, "आई, मराठीत त्यांचं नाव राहिलं का?"

"राहिलं नाही, ठेवलं नाही. आपली गिऱ्हाइकं देवाची असतात गं. शेगावच्या दुकानांत वाती ठेवायच्या आहेत. उगीच कोणी काही म्हणायला नको."

कोणी काही म्हटलं नव्हतं. आजवर मी हे मनात शंभरदा तपासलं. एखादा दुकानदार, एखादी शेजारीण, एखादं गिऱ्हाईक, कोणी एक शब्द उच्चारला असता तर त्याच्या माथी मारून मोकळी झाले असते. पण कोणीच काही म्हटलं नव्हतं. ते सगळं मॅडमनी स्वतःच आधी ऐकलं आणि स्वतःच मानलं. वर स्वतःच्या हुशारीवर खूश. जो जसा येईल त्याला तसं दार.

संक्रांतीला साइट तयार झाली. मी हळदीकुंकवालाच सगळ्यांना दाखवायचं ठरवलं. मुलानं पाठवलेल्या कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण होतं, ते मॅडमनी रंगमंचाचा पडदा काढावा तसं काढलं. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतून यायचं. आधी किर्र, खर्र असा आवाज, मग फोटो वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरायचे. कमलबाईचा फोटो यायला लागला तेव्हा आधी नुसता पदर आला, मग कपाळ, मग थांबला. "मॅडम, माहं तोंड अडकलं," ती म्हणाली, आणि ओसरी हसून लोळली.

शहिदाबी आली होती. दरवर्षी यायची. कुंकू नाही लावायची, पण वाण घ्यायची आणि सगळ्यांपेक्षा जास्त तिळगूळ खायची. ती गावातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती. पडद्यासमोर बसून, बोट टेकवत, ती मराठी पान वाचायला लागली. शु-चि-र्भू-त. त्या शब्दावर अडखळली, तर मी पुढं होऊन उच्चारून दाखवला. मास्तरणीची खोड. तिनं बोट खाली खाली नेलं. कमलबाईचं नाव, पुढचं, त्याच्या पुढचं. सात नावं झाली. पान संपलं.

तेवढ्यात कमलबाईनं खेळ म्हणून कोपऱ्यातलं बटण दाबलं. पान बदललं. वरून पट्टी पट्टीनं आधी पिंजणाचं टोक उतरलं, मग ढग, मग ओढणी, मग शहिदाबी. सगळ्या ओरडल्या. "अवं बाई, शहिदाबी तं फॉरेनले गेली. आता आमाले कायले ओळखते." शहिदाबीही हसली. तोंडावर ओढणी घेऊन हसली, लाजून. मग बायका तिळगुळाकडे वळल्या आणि ती एकटी पडद्यासमोर राहिली.

तिनं बटण दाबलं. समई आली. पुन्हा दाबलं. ती स्वतः आली. पुन्हा दाबलं, समई. मी हळदीकुंकवाची कोयरी हातात घेऊन दारात उभी होते. चार वेळा दाबलं तिनं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, या बाजूनं दाबलं का मी दिसतो, न् त्या बाजूनं दाबलं का गायब होतो. बटन बिघडलं का वो?"

तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मला दोन भाषांत येत होतं.

मॅडम म्हणाल्या, "इंटरनेट स्लो आहे गं. मराठी पानावर फोटो यायला जरा वेळ लागतो."

"वेळ लागते का," ती म्हणाली. "बरं."

आणि ती बसली. मांडीवर हात ठेवून, समईच्या चित्राकडे पाहत, फोटो यायची वाट पाहत बसली. ओसरीवर उखाणे झाले, वाणं लुटली गेली, कोणीतरी कोणाच्या साडीला नावं ठेवली. मी आतबाहेर करत होते. दर वेळी दारातून तिची पाठ दिसायची, ताठ. तिच्यासमोर बशीत तिळगुळाचा लाडू तसाच होता. मला वाटत होतं, हिला कळलं असेल. मग वाटायचं, नसेल कळलं. दोन्हीतलं कोणतं वाईट ते आजही ठरवता येत नाही.

साडेचारला लोडशेडिंग सुरू झालं. पडदा काळा झाला. ज्या लोडशेडिंगला मी रोज शिव्या घालायचे, त्यानं त्या दिवशी मला वाचवलं. शहिदाबी उठली, लाडू ओढणीच्या टोकात बांधला, म्हणाली, "उद्या येईल मंग तो फोटो." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी मेघनाला फोन केला खरा. "मराठी पानावरही शहिदाबीचा फोटो टाक."

"टाकते. पण शुचिर्भूत आणि सुवासिनी ते वाक्य बदलावं लागेल ना आई, मग नवीन मजकूर पाठवा."

मी म्हणाले, "राहू दे, सीझन संपल्यावर निवांत लिहीन." तो निवांतपणा मला यायला पंधराएक वर्षं लागली.

त्या हंगामात ती दर गुरुवारी कापूस पिंजून आणून देत राहिली. मोजके शब्द, पूर्वीइतकीच कमलबाईची टिंगल. फोटोचं पुन्हा कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मी मॅडमच्या वतीनं म्हणते, म्हणजे बघा, अजूनही पहिल्यांदा बोलायचं काम तिच्यावरच टाकते आहे. पुढच्या वर्षी सीतादहीला ती आली नाही. निरोप धाडला की तांत तुटली आहे, नवीन मिळत नाही. मी गेले नाही. दही त्या वर्षी कमलबाईकडचं, पातळ. नंतर एकदा तिच्या बांधावरून गेले तर तिथंही पाकिटातलंच बी उगवलेलं होतं, एका उंचीचं, एका रंगाचं. मडक्यातल्या सरकीचं काय झालं ते विचारायला तोंड लागतं. गिरणीच्या कापसाच्या वाती आम्ही वर्षभर वळल्या. साइट कोणी पाहिली माहीत नाही. पैसे न भरल्यानं ती एक दिवस आपोआप बंद झाली, दोन्ही भाषांतून एकदम. तेवढा एक न्याय झाला.

या दिवाळीला नात आली, रेवा, मेघनाची मुलगी. कॉलेजात आहे. आईच्या जुन्या डिस्कमधले फोटो तिला सापडले, आणि आपल्या भागातल्या हरवलेल्या देशी कापसावर ती साइट करते आहे. दोन भाषांत. शहिदाबीच्या फोटोवर तिचं बोट थांबलं. "आजी, या कोण? यांच्याबद्दल तू लिही. मी इंग्रजी करून घेते." आणि मग, चहाचा घोट घेत, अगदी सहज, "दोन्हीकडे सारखंच ठेवायचं ना?"

आमच्या घरात हा प्रश्न इतका सोपा होता आणि तो विचारायला तिसरी पिढी यावी लागली.

मी लिहिलं. आधी मराठी. तांत लिहिली, म्हैस लिहिली, बांधावरची ओळ लिहिली. तिच्या जागी समईचं चित्र लावून घेतलं हेही लिहिलं. रेवानं ते फोटोसकट कागदावर छापून दिलं आणि तो कागद घेऊन मी परवा त्या एसटीत बसले होते. शहिदाबी आता दुसरबीडला लेकीकडे असते.

अंगणात लेक बोंडं सोलत होती. अळीनं पोखरलेली, अर्धवट उकललेली, आत पिवळसर दगडासारखा कापूस. शहिदाबी बाजेवर बसून त्यातल्याच बऱ्या कापसाची वात वळत होती, डोळे आभाळाकडे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, असं लेकीनं हळूच सांगितलं. मी कागद धरून उभीच राहिले. मराठी तिला वाचता येत होतं. मी लिहीपर्यंत तिला पाहता येईनासं झालं.

"कोन हाय?"

"मी."

"मॅडम का?"

"हाव," मी म्हणाले. ती जराशी हसली, त्या 'हाव'ला.

गुडघ्यांचं झालं, एसटीच्या गर्दीचं झालं, कमलबाई अजून तशीच बोलते का ते झालं. मग मी म्हटलं, "शहिदाबी, एक वाचून दाखवायचं आणलंय."

"कोन्त्या भाषेतलं?"

"मराठीतलं."

तिचे हात थांबले. मी वाचलं. बकऱ्याच्या तांतीपाशी ती खुदकन् हसली, म्हशीपाशी लेकीला म्हणाली, "आयकलं का, आपली म्हैस." मग समई आली. वाचून झालं. कोंबड्या अंगणात टोचत होत्या.

"फोटो आला का वो, मॅडम?"

"आला."

"पुरा आला, का वढनीपर्यंतच?"

"पुरा."

"लयच वेळ लागला."

मी म्हणाले, "शहिदाबी, तेव्हा इंटरनेट स्लो नव्हतं. तो फोटो मी टाकलाच नव्हता."

"मालूम हाय मले. बटन चारदा दाबलं मी."

"मग तेवढा वेळ बसून काऊन राहिली?"

तिनं बोटांतली वात पुन्हा वळायला घेतली. "मी फोटोची वाट नोती पाहून राह्यली, मॅडम. तुमची पाहून राह्यली होती. लाइट गेली मंग."

मी तिचं बोट धरून कागदावर ठेवलं, फोटो होता तिथं. कागद सगळीकडे सारखाच गुळगुळीत. तिनं बोट जरासं फिरवलं, ढगावरून, पिंजणावरून, आणि काढून घेतलं. निघताना हातातली वात माझ्या तळव्यावर ठेवली आणि मूठ बंद केली.

"देवापुढं लावा. पन बसू नका तिच्याजवळ," ती म्हणाली. "बीटीची हाय. लवकर सरते."